आडव्या बाटल्या आणि माझी एक ओळ

मामा,

तुझ्या गंधमुक्तीची पत्रिका मीच लिहिली. आईनं कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "लिही. तुला सवय आहे."

सवय आहे म्हणे. चार वर्षं दारूबंदीची पत्रकं लिहिते आहे मी. पहूरपासून यावलपर्यंत कितीतरी भिंतींवर माझी वाक्यं चिकटलेली आहेत. त्यातलं एकही लिहिताना माझा हात थांबला नव्हता. या वेळी थांबला, 'गंधमुक्ती' या शब्दावर. सुतक फिटून घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लागतं तो दिवस, एवढा साधा अर्थ. पण तू जन्मभर नाकावर जगलेला माणूस. नाशिककडच्या एका वाईन कारखान्यात नळ्या धुवायला लागलास आणि रिटायर होईपर्यंत तिथले सूटवाले साहेब पिंपातली वाईन बाटलीत भरण्याआधी तुला विचारायला लागले, "बघा हो, वास बरोबर आहे का?" त्या माणसाला आम्ही गंधातून मुक्त करणार होतो. मी शब्द तसाच ठेवला आणि खाली वार, वेळ, स्थळ लिहून टाकलं.

तुझ्याबद्दल मी लिहिलेलं हे पहिलं नव्हे. मागच्या वर्षी तुझ्या गावात दारूच्या दुकानाचं मतदान होतं, त्याच्या आधी एक पत्रक निघालं. त्यातली एक ओळ कुणीतरी कोळशानं तुझ्या भिंतीवर लिहिली. ते पत्रक मी लिहिलं होतं, मामा. ती ओळही माझीच. तू मला तोंडावर विचारलंस आणि मी खोटं बोलले. तुला वाटलं, तुझ्या मित्रानं, रशीदभाईंनी, घरची गोष्ट बाहेर नेली. तू त्यांच्याशी बोलणं तोडलंस, आणि तसाच गेलास.

तुला सांगायचं राहिलं. आता ज्यांना सांगता येईल त्यांना तरी सांगायचं होतं. ते कसं झालं, हे तुलाच सांगते.

*

पपा गेले तेव्हा मी अकरावीत होते. ते यावलला केळीचे ट्रक भरायचे, हे तुला मी काय सांगू. देशी प्यायचे, उभ्या उभ्या, दुकानाच्या कट्ट्यापाशी, आणि परत कामाला. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे. मी त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली की हे कधी ओठाला लावणार नाही. आणि दोन वर्षांनी कॉलेजसाठी राहायला आले कुणाकडे? ज्याच्या कोठीत साठ बाटल्या निजलेल्या, त्या मामाकडे. शिरपूरला कॉलेज, तिथून अर्ध्या तासावर तुझं गाव. आईला दुसरी सोय दिसली नाही.

पहिल्याच दिवशी मी कोठीच्या दारात उभी राहून म्हणाले, "मामा, हे काय आहे?"

"तुझ्या मामाचं पेन्शन," तू म्हणालास. लेबल वाकडं बसलेल्या बाटल्या कारखान्यानं तुला निरोपाला दिल्या होत्या, आणि रिकाम्या होतील तशा नव्या पाठवत राहिले. बहुतेक शिराझ. कोठीत पूर्वी बाजरी असायची, भिंत दीड हात जाड, मे महिन्यातही आत गेलं की अंगाला बरं वाटायचं. शिरपूरच्या रशीदभाई सुतारांनी सागाच्या फळ्यांची चौकट करून दिली होती, आणि तीत एकेक बाटली आडवी.

"आडव्या का?"

"बूच ओलं राहावं म्हणून. बूच वाळलं की हवा शिरते, हवा शिरली की सिरका. माणसाचंही तसंच गं, घसा कोरडा पडला की आंबतो."

मी हसले नाही. तू भिंतीवर खिळ्याला टांगलेला दारू पिण्याचा सरकारी परवाना दाखवलास, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला, जसं लोक मुलाचं दहावीचं सर्टिफिकेट ठेवतात. मी तोही वाचला. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुझी रविवारची 'चाखणी' दुपारी जेवणाआधी असायची. माणसं किती? तू, पोस्टातून रिटायर झालेले बडगुजर मास्तर, मामी, रशीदभाई. पिणारे त्यात दोन. रशीदभाई तर थेंबाला शिवायचे नाहीत, पण दर रविवारी सायकल मारत यायचे. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तू हाक मारलीस. "वैशू, ये. शपथ कशाची घेतलीस?"

"ओठाची."

"मग नाकानं काय पाप केलं? ये, वास ली देख."

मी आले. भांडायलाच आले होते. तू आधी बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून माठाखाली ठेवलं होतंस अर्धा तास, आणि त्यावरून मास्तरांशी तुझं चाललं होतं. मास्तर म्हणत, "पुस्तकात लिहिलंय, रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी." तू म्हणालास, "कुणाच्या खोलीच्या? त्यांच्या खोलीत शेकोटी लागते. आपल्या खोलीत पंख्याखाली गूळ वितळतो. या उन्हात तशीच ओतली तर नुसता स्पिरिटचा भपका येईल, आणि बिचाऱ्या शिराझचं नाव खराब."

मग तू ग्लासात ओतलीस, तळाला दोन बोटं, आणि ग्लास तिरका केलास. मागे पांढरा कागद धरायला हवा होता. हाताशी माझ्या पहिल्या पत्रकाचा गठ्ठा होता, पाठकोरा. तू एक उचललंस. पुढे 'दारू हटवा, संसार वाचवा', मागे कोरं, आणि त्या कोऱ्यावर तुझी शिराझ. "बघ रंग. मध्ये काळी, कडेला जांभळी. जांभळी म्हणजे अजून तरणी. म्हातारी झाली की कडा विटकरी होते." ग्लास फिरवलास. काचेवरून ओघळ सावकाश खाली आले. "हे असे दमानं उतरले म्हणजे अंगात काहीतरी आहे."

आणि मग माझ्या नाकाखाली धरलास.

मामा, मला पपांचा वास येईल असं वाटलं होतं. तयारीनं उभी होते मी, दात आवळून. तो वास नव्हता. आधी जांभळं आली, पिकून फुटलेली, झाडाखाली पडून ऊन लागलेली. मग मिरी. मिरपूड नाही, अख्खी मिरी खलबत्त्यात पहिला घाव बसतो तेव्हाची. आणि खाली, खूप खाली, कसलासा धूर. मी म्हणाले, "पऱ्हाटी जळते तसं काहीतरी." भरताची वांगी भाजायला आपण कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवतो, तो वास.

तू मास्तरांकडे पाहिलंस. "मास्तर, वीस वर्षं पिताय, हे सापडलं का कधी?"

"आम्ही प्यायला येतो बुवा, परीक्षेला नाही," मास्तर म्हणाले.

रशीदभाईंनी ग्लास घेतला, हुंगला, आणि म्हणाले, "इसमें लकडी है. सागाची नाही. भाजलेली."

"ओकचं पिंप," तू म्हणालास. "आतून जाळतात." मग तुम्ही दोघं तासभर लाकडावर बोलत बसलात. न पिणारा सुतार आणि तू.

त्या दिवशी तू घोट घेतलास तेव्हा मला म्हणालास, "गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोज, गेली की मी बोट वर करीन." तू घोट तोंडभर फिरवलास, जरा हवा ओढलीस, हिरड्यांना लावलास, डोळे मिटलेस. मी मोजत बसले. गिळलास, आणि नंतर किती तरी वेळ बोट वर येईना. मामी म्हणाली, "झोपना का?" मग बोट आलं. मी तुझा चेहरा पाहून चव घेतली, मामा. तेवढीच घेतली. ती मला आवडली, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

*

भांडणं आपली दुसरीकडे होती.

तू म्हणायचास, "शिराझ भरल्या अंगाची." मी म्हणायचे, "बाई आहे का ती? तुम्हा बाप्यांना दुसरी उपमा सुचत नाही का?" तू विचारात पडलास. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीन वाट्या मांडल्यास: एकीत पाणी, एकीत गाईचं दूध, एकीत म्हशीचं. "जिभेवर धर. पाणी पळतं, गाईचं चालतं, म्हशीचं बसतं. शिराझ बसते. आता चालेल का, बाईसाहेब?" चाललं. तुरटपणासाठी तू मला कच्चं केळं चावायला लावलंस, आणि माझी जीभ अशी आकसली की मामी पोट धरून हसली. "हा तुरटपणा नसेल तर वाईन म्हणजे सरबत," तू म्हणालास. "आणि हाच तुरटपणा मटणातली चरबी कापतो. पण मटण काळ्या मसाल्याचं, मिरची बेतानं. आपल्या शेवभाजीवर शिराझ म्हणजे आगीत रॉकेल." मी खरडून घेत होते सगळं. का, ते मलाच माहीत नव्हतं.

आणि मग एकदा तू ते बोललास. पपांच्या श्राद्धाच्या दिवशी आपण ओसरीत जेवत होतो. तू म्हणालास, "दाजींनी दारूची चव कधी घेतलीच नाही. नाक दाबून प्यायचे. नाक दाबून प्यावी लागते ती दारू, नाक लावून प्यावी वाटते ती वाईन."

मी ताट सरकवून उठले. "त्यांना नाक लावायला वेळ कुणी दिला, मामा? तुला खुर्ची आहे, पंखा आहे, परवाना आहे, पुढ्यात मटण आहे. त्यांना कट्टा होता आणि पाठीमागे मुकादम. तू चव घेतोस म्हणून मोठा, ते घ्यायचे नाहीत म्हणून दारुडे? दारू ती दारू. तुझी इंग्रजीत बोलते एवढंच."

तुझं खरं होतं, माझंही खरं होतं, आणि ते भांडण आपण अर्धवट टाकलं. आज मी ते एकटीनं पुढे नेऊ शकत नाही. एका बाजूनं भांडण होत नाही.

*

मग तुझ्या गावात फाट्यावरचं देशी दुकान हटवायचं ठरलं. बायकांच्या अर्जावर पहिली सही मामीची. कॉलेज संपवून मी घरी परतले होते; आता दारूबंदी समितीकडून आले, आमच्या अक्कांबरोबर. अक्का समितीच्या प्रमुख, जळगावच्या, साठीच्या, पोलिसांनाही दरडावणाऱ्या. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, हे सगळ्यांना माहीत आहे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आम्ही घरोघर शिकवत होतो, "आडवी बाटली, आडवी बाटली."

आणि एका म्हाताऱ्या आजीनं सभेत उभं राहून विचारलं, "मंग मामाना घरमा तर बठ्ठ्या बाटल्या आडव्या शेतस. तो आपलाच माणूस शे ना?"

सभा हसली. अक्का हसल्या. पण नंतर आणखी दोघीतिघी तेच विचारायला लागल्या, खरंच विचारायला. मामा आपल्या बाजूचा, मामा पितो, मग पिणं वाईट कसं? दुकानदाराच्या माणसांनी तेच उचललं: समितीच्या पोरीच्या मामाच्या घरी बघा जाऊन. अक्का मला म्हणाल्या, "वैशाली, हे आजच्या आज मोड. तुझ्या घरातलं आहे, तूच मोड."

मी मोडलं. अर्ध्या तासात लिहिलं. 'चाखणीच्या नावाखाली गुत्ता' असं लिहिलं. 'कोठीच्या खोलीत, सागाच्या फळ्यांवर, साठ बाटल्या' असं लिहिलं. आणि वर, ठळक अक्षरात:

ज्याच्या घरी बाटली आडवी, त्याच्या पोटात दारू उभी!

चांगली ओळ आहे ना? मला माहीत होतं चांगली आहे. लिहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. खाली नाव नव्हतं, 'समस्त महिला' एवढंच.

गुत्ता नव्हता, हे मला माहीत होतं. परवाना मी वाचला होता. पिणारे दोन, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. चळवळीसाठी लिहिलं असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. खरं हे आहे की मला त्या ग्लासातला वास आवडला होता आणि त्याची मला लाज वाटत होती. ज्या पोरीला तो वास आवडला तिला मी त्या पत्रकात मारत होते. लागलं तुला.

आडवी बाटली जिंकली. मिरवणूक तुझ्या घरावरून गेली आणि बायका माझी ओळ ओरडत गेल्या. अर्जावर पहिली सही करणारी मामी दारात उभी होती, हातात ओवाळायचं ताट. कुणी थांबलं नाही. त्यानंतर तिला पापड लाटायला बोलावणं आलं नाही, डोहाळजेवणाला नाही, काही नाही. मी मिरवणुकीत मागे होते. मी मान खाली घातली.

आठ दिवसांनी तू मला बोलावलंस. पत्रक तुझ्या हातात होतं.

"वैशू, हे कुणी लिहिलं?"

"समितीनं."

"समितीला हात असतात?"

तू कागद पुन्हा वाचलास. "सागाच्या फळ्या लिहिलंय. साठ लिहिलंय. रशीदशिवाय कोठीत आत येऊन मोजलंय कुणी?"

मी तिथेच उभी होते, मामा. त्या कोठीत मी तीन वर्षं झाडू मारला. मी म्हणाले, "मीपण पाहिल्यात की."

तू हात झटकलास. "तू तर घरची."

एवढंच बोललास. त्या वेळी मला तोंड उघडता आलं असतं. गावात तर आधीच चालू झालं होतं: "तो रशीद सुतार त्यांचा, त्याला आपल्या घरातलं काय सोयरंसुतक?" मी रोज समतेवर भाषणं देणारी. एका मुसलमान सुतारावर माझं पाप सरकताना पाहिलं आणि मी चहाचा कप विसळायला आत गेले.

*

तू गेलास दुपारी, ओसरीत, बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले हार्ट. गाव म्हणालं दारू. "बाटलीनं नेलं." तिरडी उचलली तेव्हाही मागून कुणीतरी हे बोललं.

रशीदभाई अंगणात आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, सायकल धरून, डोक्यावर रुमाल बांधून उभे होते. त्यांना 'या' म्हणणारा तूच, आणि तू तर आडवा होतास. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गंधमुक्तीचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि मामी ओट्यापाशी भांडी आवरत असताना म्हणाली, "तू समितीमा शे. तुले माहीत व्हई. कोणी लिखं ते?"

"मी."

तिच्या हातातलं भांडं खाली पडलं वगैरे काही नाही. तिनं ते विसळलं, पालथं घातलं.

"रशीदभाऊनं नही?"

"नाही. मी."

मग ती म्हणाली, "त्या मानूसले दारातून परत धाडं आम्हीन. ईदना शीरखुर्मा लीसन उना व्हता." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आते आखो ऐक. तू लिखं तव्हय ते खोटं व्हतं. मंग ते खरं व्हयनं."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. पत्रकानंतर चाखणी बंद झाली. मास्तर येईनात, गावाला घाबरून. रशीदभाईंना तूच तोडलंस. मग तू एकटा बसायला लागलास. गोणपाट नाही, माठ नाही, कागद नाही. "वास बी नही ले. पाणी पेतस तसा पे. रोज." मामी बोटं मोजत म्हणाली, "तीन गिल्लास. कव्हय कव्हय पाच."

मी म्हणाले, "मामी, मी नवं पत्रक काढते. खरं काय ते लिहिते. मामा आठवड्यातून दोन ग्लास घ्यायचा, चवीपुरते, असं लिहिते."

"तीन लिख. पाच लिख," ती म्हणाली. "एकदाव खोटं लिखं ना? आते परत नको लिखू. आमना करता बी नको."

भिंतीवर कोळशाची ओळ अजून आहे, पुसट. मी पुसायला फडकं घेतलं तर तिनं हात धरला. "राहू दे. तुनं जे व्हई ते बाजूले लाव. लोके दोन्ही वाचतीन."

*

अक्कांना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "बाळा, यावलचं मतदान तोंडावर आहे. तू आज लिहिलंस की समितीनं खोटं छापलं, तर उद्या दुकानदार तेच पत्रक छापून बायकांच्या हातात देईल. मतदान होऊ दे. मग लिही, मी स्वतः सही करते."

अक्का चूक बोलल्या नाहीत. यावलच्या त्या कट्ट्यावर पपा उभे असायचे. ते दुकान राहिलं तर त्यात माझा हात असेल, हे मला कळतं. दोन दिवस मी जेवले नाही नीट. पण मामा, मागच्या वेळीही हेच झालं होतं: मतदान होऊ दे, मग बघू. मग बघितलं ते तुझी तिरडी. रशीदभाई सत्तरीचे आहेत. पुढचं मतदान झालं की त्याच्या पुढचं असतं.

मी छापलं. पाचशे. 'ते पत्रक मी लिहिलं. त्यात गुत्ता लिहिलं ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. घरातली माहिती मी बाहेर नेली, एका निरपराध सुतारावर आळ आला, मी गप्प बसले.' तुझे तीन ग्लास लिहिले, पाच लिहिले, ते कधीपासून हेही लिहिलं. दारूविरुद्ध मी आजही आहे हे लिहिलं. खाली पूर्ण नाव, वैशाली, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. अक्कांनी माझा राजीनामा मागितला नाही. मीच दिला.

शिराझ चांगली असते का, हे लिहिलं नाही. ते पत्रकात बसत नाही. तुला सांगते: असते. तरीही मी ओठाला लावणार नाही. आणि तरीही, मिरी कुटली जाते तेव्हा मी ओट्यापाशी जाऊन उभी राहते.

परवा गठ्ठा घेऊन शिरपूरला गेले. रशीदभाई दुकानात रंधा मारत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, सगळं. रंधा थांबला नाही. फळी संपल्यावर त्यांनी हात पुसले, वरचा कागद घेतला, चष्मा लावला. आधी शेवटी माझं नाव पाहिलं. मग पहिल्यापासून वाचायला लागले. ओठ हलत होते.

वाचून झाल्यावर म्हणाले, "यात 'एका सुतारावर' लिहिलंय."

"हो. म्हटलं तुमचं नाव उगाच चव्हाट्यावर…"

"बेटा, गावात माझं नाव घेऊन बोलले. 'एका सुतारानं' असं कुणी नाही म्हटलं. बदनामी नावानं झाली, और सफाई बेनाम?"

मी गठ्ठा खाली ठेवला.

"तुझ्या मामानं मला एकदा विचारलंही नाही," ते म्हणाले. "विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी नाही. बस, इतकंच सांगितलं असतं. त्याचा राग येऊन मी घरी बसलो, वाटलं, येईल. माझंच चुकलं. सायकल होती ना माझ्याकडे." मग ते पुन्हा रंध्याकडे वळले. मला त्यांनी माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. मागायची हिंमत झाली नाही.

पाचशे कागद परत छापायला पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. मी त्यांच्याकडे सुताराची जाड पेन्सिल मागितली. त्यांनी पायानंच जवळ ढकलली. मी भुशात बसले, 'एका सुतारावर' यावर काट मारली आणि वर हातानं लिहायला लागले: रशिदभाई मिस्त्री यांच्यावर. दुसरा कागद. तिसरा.

ते येऊन डोक्याशी उभे राहिले.

"'शी' दीर्घ," म्हणाले.

मी आधीचे तीन पुन्हा घेतले आणि दुरुस्त केले.